चलनावर सही माझीच

पार्किंगची जमीन काँक्रीट करायची, एवढंच काम. कोपरखैरण्यातलं आमचं रो-हाऊस, पुढची जागा २० बाय १८, म्हणजे ३६० चौरस फूट. फुटाला २१० रुपयांनी ७५,६०० ठरले. त्यात सोलिंग म्हणजे दगडांचा थर, मुरूम, आठ एमएमची लोखंडी जाळी आणि वर सहा इंच एम-२५ ताकदीचं आरएमसी, म्हणजे प्लांटमधून तयार येणारं काँक्रीट. ४०,००० आगाऊ दिले, ३२,००० माल पडला त्या दिवशी रोख. उरलेले ३,६०० दाबून ठेवलेत, माझा विजय तेवढाच.

एप्रिलात काम झालं. दहा दिवस मातीची आळी करून मी स्वतः पाणी ठेवलं. जुलैत गाडीच्या चाकाखाली भेग. पाइप टाकायला मधोमध फोडलं, तर काँक्रीट तीन इंच! कडेला फळीपाशी मात्र सहाच्या सहा. बघणारा कडाच बघतो, हे ठेकेदाराला पक्कं ठाऊक.

आता लाजेची गोष्ट. माल पडायच्या आधी काँक्रीटच्या वरच्या पातळीला दोरी ताणली तेव्हा मधे मुरूम उंच आहे हे मला दिसलं होतं. ठेकेदाराला विचारलंही. "काका, पाण्याला उतार नको का? खालून चढ द्यावा लागतो." पटलं मला! खाली चढ दिला तर वरही तेवढाच हवा, आणि दोरी तर सपाट होती. टेप खिशात होती हो माझ्या. तुम्ही दोरीपासून मुरमापर्यंत मोजा, तेही मधोमध.

आणि चलन, म्हणजे मालासोबत आलेली पावती. ड्रायव्हरने पुढे केलं, चष्मा घरात, मी ठोकली सही. ३१ वर्षं अकाउंट्समध्ये लोकांची व्हाउचरं तपासली मी! हिशेबाने १८० घनफूट, म्हणजे ५.१ घनमीटर माल लागतो. चलनावर साडेतीन, आणि ग्रेड एम-२०, म्हणजे ठरल्यापेक्षा कमी ताकदीचा. माझी प्रत मीटरच्या पेटीवर तीन महिने पडून होती. पण ड्रम फिरतोय, माल सेट होईल म्हणून सगळे ओरडताहेत, त्यात कोण वाचत बसतं? चलन वाचून होईपर्यंत माल उतरू देऊ नका, ओरडू देत.

ठेकेदार फोन उचलत नाही. चौकीत गेलो, तर "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." चलन दाखवलं, तर साहेब म्हणतात, "सही तुमचीच ना?" तिथून ज्या कार्यालयात धाडलं, तिथे मलाच विचारतात, "कामाची परवानगी घेतली होती का?" ७२,००० गेले माझे आणि नोटिशीची भीतीही मलाच! ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार क्रमांक मिळाला. नंतर कळवलं, समोरच्याकडून प्रतिसाद नाही. अहो, तो प्रतिसाद देत असता तर तुम्हाला फोन कशाला केला असता? प्लांटवाला म्हणतो, आमचं गिऱ्हाईक ठेकेदार, तुम्ही नाही. त्याचं बरोबर आहे, म्हणून जास्त झोंबतं.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. अर्ज लिहायला घेतलाय. पुरावा काय, तर कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने लिहिलेला भाव. ना सही, ना जीएसटी नंबर. आगाऊ ४०,००० यूपीआयने गेले, पण ठेकेदाराच्या मेव्हण्याच्या खात्यावर. स्क्रीनवर नाव आलं होतं. तेही मी वाचलं नाही.