३६५ की ३९५? यूव्ही टॉर्च घेण्याआधी

३९५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या स्वस्त टॉर्चवर 'यूव्ही', म्हणजे अतिनील, छापलेलं असतं. यूव्ही-ए या अतिनील पट्ट्याची हद्द ४०० पर्यंत धरतात, म्हणजे खोटं काहीच नाही. पण तो आकडा फक्त शिखराचा, म्हणजे प्रकाश सर्वात तीव्र असतो तिथला. एलईडीचा प्रकाश त्याच्या दोन्ही बाजूंना पसरतो, त्यामुळे ३९५ चा बराच भाग दृश्य जांभळ्यात सांडतो आणि अतिनील प्रकाशात चमकणारं खनिज त्या जांभळ्यातच बुडतं. विंचूही असेच चमकतात, ते शोधायला तेवढा पुरतो. ४०५ च्या प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनसाठी (द्रव प्लॅस्टिक) तर तोच बरा.

खनिजांसाठी ३६५ घ्या, पण तोंडाशी काळी फिल्टर काच असलेलाच. ती नसेल तर निळसर पांढुरकी झाक पडते आणि फिकी चमक हरवते. ३६५ चा एलईडी तापतोही जास्त, आणि तापला की उजेड उतरतो. अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या टॉर्चवर म्हणूनच भरवसा नको.

आकडा खरा आहे का, हे तपासता येतं. टॉर्चपुढे अर्ध्या मिलिमीटरची फट, तिच्यापासून २५ सेंटीमीटरवर २० सेंटीमीटर नाभीय अंतराचं काचेचं भिंग, भिंगाला लागून मिलिमीटरला ५०० रेषांची ग्रेटिंग (प्रकाशाच्या तरंगलांब्या वेगळ्या करणारी पट्टी) आणि पुढे एक मीटरवर छपाईचा पांढरा कागद. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेल्या उजळक रसायनामुळे न दिसणारी रेघही निळी उमटते. मधल्या रेघेपासून ३६५ ची १८.६ सेंटीमीटरवर पडते, ३९५ ची २०.१ वर. रेघ फिसकटली तर कागद थोडा भिंगाकडे घ्या, आणि ही अंतरंही त्याच प्रमाणात कमी धरा. अतिनील प्रकाश भिंगाच्या जरा जवळ एकवटतो. ॲक्रिलिकचं भिंग नको, ते बऱ्याचदा अतिनील गिळतं.

अंधारात कॅमेऱ्यासाठी लावायच्या अवरक्त दिव्यांचं गणित उलटं. ८५० चा दिवा अंधारात मंद लाल दिसतो, ९४० चा दिसतच नाही. पण कॅमेऱ्याचा सिलिकॉन सेन्सर ९४० ला कमी दाद देतो, म्हणून त्याच वॅटमध्ये पल्ला घटतो. लपवायचं नसेल तर ८५० च घ्या. ९४० चा दिवा पेटतोय का, ते मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहा. मागच्याला बहुधा अवरक्त अडवणारा फिल्टर असतो.

फिल्टरवाला ३६५ मंद वाटतो म्हणून त्याच्यात डोकावू नका. डोळ्याची बाहुली आकसत नाही आणि अतिनील प्रकाश थेट आत जातो. पॉलिकार्बोनेटचा चष्मा ३६५ अडवतो, ३९५ मात्र पूर्ण अडवेलच असं नाही. त्यासाठी ४०० पर्यंत अडवणारा पिवळसर चष्मा लागतो.