मातीचा बांध की शेततळं?

शेतातून ओढा जात असेल तर त्यावर आडवा बांध घालून पाणी अडवायचं की तळं खणून साठवायचं, हा प्रश्न पडतोच.

३० × ३० × ३ मीटरचं शेततळं, कडांचा उतार १:१ (मीटरभर खोलीला मीटरभर आत) धरला, तर त्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावतं. प्लॅस्टिक अंथरलं की पाझर थांबतो. बाष्पीभवन मात्र थांबत नाही. हिशेब सरळ. पण अनेक ठिकाणी ही तळी पावसाने नव्हे, बोअरच्या पाण्याने भरतात. जमिनीखालचं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं, याला साठवण कसं म्हणायचं?

बांधाचं उलट. त्याचं पाणी दिवाळीनंतर दिसेनासं होतं, पण खालच्या विहिरीला उतरतं, शेजाऱ्याच्याही. बांधणी नीट हवी: पायात चर, मधोमध चिकणमातीचा गाभा, बाहेर मुरूम, प्रत्येक थर दाबलेला. सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर काढायच्या वाटेत, कंजुषी केली तर एका मोठ्या पावसात पाणी माथ्यावरून जातं आणि बांध वाहून जातो. भरावावर झाडंही वाढू देऊ नयेत. मुळं कुजली की पाण्याला वाट मिळते.

डाळिंब-द्राक्ष असेल तर तळं. विहिरीवरचं रान असेल तर मी बांधच घालीन, खालच्या वस्तीचा विचार करून.