ओपनएमपी: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

पावसाळ्यापासून ओपनएमपी वापरतोय, म्हणजे सी, सी++ किंवा फोरट्रानमधल्या प्रोग्रॅमचं काम प्रोसेसरच्या अनेक कोअरवर वाटून देणारी सोय. सगळे "एका ओळीत प्रोग्रॅम फास्ट" एवढंच सांगतात, पुढचं कोणी बोलत नाही, म्हणून लिहितोय.

एका ओळीचं खरं आहे बरं का. जीसीसी कंपायलर असेल तर कंपाइल करताना एक फ्लॅग द्यायचा, फॉर लूपच्या डोक्यावर प्रॅग्मा (कंपायलरला सूचना देणारी ओळ) टाकायचा, झालं. फ्लॅग काढला की तोच लूप पुन्हा एका कोअरवर, डिबग करताना याचा जाम फायदा होतो. तशी गोष्ट जुनी आहे, 1997 मध्ये फोरट्रानसाठी आली, पण 2004 च्या सुमारास क्लॉक स्पीड वाढायचा थांबला आणि कंपन्या कोअर वाढवायला लागल्या तेव्हा तिला खरे दिवस आले.

शिकायला मँडेलब्रॉटचं चित्र घ्या, ज्यात प्रत्येक पिक्सेलसाठी एकच सूत्र पुन्हा पुन्हा चालवून त्याचा रंग ठरतो. प्रत्येक पिक्सेल स्वतंत्र, म्हणजे आठ कोअर तर आठपट स्पीड असं वाटतं, पण सेटच्या आतले पिक्सेल शेवटच्या इटरेशनपर्यंत चालत राहतात नि बाहेरचे चार-पाच फेऱ्यांत सुटतात, आणि जीसीसी डिफॉल्टला चित्राच्या ओळींचे सारखे गठ्ठे थ्रेडना (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांना) वाटतं, त्यामुळे मधल्या ओळी मिळालेला थ्रेड राबतोय आणि वरचे-खालचे कधीच मोकळे. शेड्यूल डायनॅमिक लिहा, जो मोकळा तो पुढचं काम उचलतो. लगेच फरक दिसतो.

खरी मजा फॉल्स शेअरिंगची. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा काउंटर द्या, सगळे एकाच अ‍ॅरेत शेजारी शेजारी. लॉक नाही, कोणी कोणाच्या वाटेला जात नाही, उत्तरही बरोबर, तरी कधीकधी एका कोअरपेक्षा हळू! कारण इंटेल-एएमडीवर कॅश लाइन (कोअर मेमरीतून एका वेळी जवळ घेतो तो तुकडा) 64 बाइटची, तिच्यात 4 बाइटचे 16 काउंटर बसतात, एका कोअरने स्वतःच्या काउंटरमध्ये लिहिलं की बाकीच्या कोअरकडची अख्खी लाइन बाद. रिडक्शन (प्रत्येक थ्रेडची बेरीज वेगळी ठेवून शेवटी एकत्र करणारी ओपनएमपीची सोय) वापरलं की हा ताप संपतो. (ऑप्टिमायझेशन चढवलं तर कंपायलर हे झाकून टाकू शकतो, म्हणून आधी बंद ठेवून बघा.) फक्त फ्लोटची (दशांश आकड्यांची) बेरीज असेल तर शेवटचे आकडे दर रनला थोडे हलतात, कारण बेरजेचा क्रम बदलतो, घाबरू नका.

आता राग कशाचा येतो तर डेटा रेस झाली, म्हणजे दोन थ्रेडनी एकाच वेळी एकाच व्हेरिएबलला हात घातला आणि त्यातला एक तरी लिहीत असला, तरी कंपायलर गप्प. उत्तर चुकतं, तेही कधीकधीच. थ्रेड सॅनिटायझर (अशा रेस शोधणारं टूल) लावावा तर जीसीसीच्या ओपनएमपी रनटाइमबरोबर तो खोटेच अलार्म देत सुटतो, क्लँग हा दुसरा कंपायलर आणि आर्चर हे ओपनएमपीसाठीचं रेस शोधायचं टूल, या जोडीने बरं काम होतं.

आणि अ‍ॅमडालचा 1967 चा नियम आधी वाचा, कामातला 10 टक्के भाग एकामागून एकच चालणारा असेल तर कितीही कोअर लावा, दहापटीच्या पुढे जाणार नाही.

मोठे लूप, इमेज, मॅट्रिक्स यासाठी डोळे झाकून घ्या. चॅट सर्व्हर वगैरे लिहायचा असेल तर हे नकोच. मॅकवाल्यांनो, अ‍ॅपलच्या क्लँगबरोबर रनटाइम येत नाही, होमब्रूवरून (मॅकवर सॉफ्टवेअर टाकायचं टूल) लिबओएमपी ही रनटाइम लायब्ररी वेगळी टाकावी लागते.