सहा वर्षांनी कडा उघडला: बुटीबोरीपलीकडच्या क्लाइंबिंग साइटवर एक रविवार

मागच्या रविवारी पहाटे साडेचारला लेकीला हाक मारली, तर ती आधीच हार्नेस बॅगेत भरत बसली होती. "आई, नक्की उघडलाय ना?" एवढंच विचारलं. हा कडा बंद झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आता पंधरा पूर्ण. मधल्या काळात तिचं सगळं क्लाइंबिंग कृत्रिम भिंतीवर झालं, रंगीत होल्डवर, म्हणजे पकडींवर. तिच्या खोलीत यान्या गार्नब्रेतचा फोटो आहे. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिम्पिकचं सुवर्ण घेणारी स्लोव्हेनियाची ही मुलगी लेकीला तोंडपाठ आहे. खरा दगड मात्र तिच्या हाताला लागलाच नव्हता. नागपूरकरांची हीच अडचण आहे. पुण्या-मुंबईच्या पोरांना सह्याद्रीतले ड्यूक्स नोज, तैलबैला हे कडे जवळच. आपल्याला त्यासाठी आठवडाभराची सुट्टी काढावी लागते. म्हणून घरापासून तासाभरावरचा हा अठरा मीटरचा काळा कडा आमच्यासाठी किती मोठा आहे, ते बाहेरच्याला सांगून पटणार नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. तशी गावकऱ्यांची विनंती आहे आणि ती मला मान्य आहे. वर्धा रोडनं बुटीबोरी ओलांडून टाकळघाटच्या अंगानं आत जायचं, एवढं पुरे. नागपुरातल्या क्लाइंबिंग करणाऱ्या कोणालाही विचारा, फोन नंबर मिळतो. एका दिवशी सोळाच जणांना सोडतात, तेही शनिवार-रविवारी आणि आधी नाव नोंदवलं असेल तरच. आम्हाला तीन आठवड्यांनी नंबर मिळाला.

बंद का झाला होता, ते आधी सांगायला हवं. त्या दिवशी मी तिथे होते.

कड्याच्या डाव्या टोकाला मोठा ओव्हरहँग, म्हणजे बाहेर झुकलेला दगड, आहे आणि त्याच्या पोटाला आग्या मोहोळाची पोळी असतात. तेव्हाही होती, आम्हाला माहीत होती, म्हणून आम्ही उजव्या बाजूला चढायचो. त्या दिवशी सहलीला आलेला एक मोठा ग्रुप खाली उतरला. आधी स्पीकर लावला, मग चहासाठी ओल्या काटक्या पेटवल्या. धूर सरळ ओव्हरहँगखाली गेला. मी एका मित्राला बिले देत होते, म्हणजे खालून त्याचा दोर सांभाळत होते, आणि तो दगडात ठोकलेल्या चौथ्या बोल्टच्या वर होता. आवाज आधी आला, जात्यावर दळण पडल्यासारखा. मग माश्या आल्या. अशा वेळी तोंड झाकून पळायचं असतं, थांबायचं नसतं, हे मला माहीत होतं. पण दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस लटकलेला असताना बिलेचा उजवा हात सोडता येत नाही. मी त्याला खाली घेत राहिले आणि माश्या हातावर बसत राहिल्या. शेवटचे चार-पाच मीटर राहिले असताना पलीकडच्या शेतातून एक काका धावत आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून गोधडी टाकली. "सोडू नोका बाई, दोर सोडू नोका, म्या हाव इथं," एवढंच ते म्हणत होते. मित्र खाली पोचला, मी दोर सोडला, आणि तिघंही एकाच गोधडीखाली विहिरीजवळच्या खोलीपर्यंत गेलो. मला चौदा डंख होते. काकांना किती, ते त्यांनी मोजू दिलं नाही.

त्यानंतर ग्रामपंचायतीनं कडा बंद केला. आम्हाला वाईट वाटलं, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. बाजूला त्यांची गुरं चरतात, बाया कापूस वेचतात.

आता कडा उघडलाय तो नागपूरच्याच चढणाऱ्या मुलामुलींच्या एका गटामुळे. ही पोरं दोन वर्षं गावात येत राहिली, ग्रामसभेत बसली, आणि मागच्या हिवाळ्यात त्यांनी उजव्या भागातले रूट, म्हणजे चढायचे मार्ग, नव्यानं बोल्ट केले. आधी चौदा रूट होते, आता नऊ उघडे आहेत. डावे पाच कायमचे बंद. तिथले हँगरसुद्धा (बोल्टवरच्या दोर अडकवायच्या पट्ट्या) काढून टाकलेत, म्हणजे कोणाला मोहच नको. मधे झाडांना पांढऱ्या चुन्याचे पट्टे मारलेत. त्या पट्ट्यापलीकडे जायचं नाही, स्पीकर नाही, अत्तर-डिओ नाही, विडी-सिगारेट नाही, स्टोव्ह नाही. सही केल्याशिवाय दोर बाहेर काढू देत नाहीत.

रजिस्टर घेऊन चिंचेखाली कोण बसलं असेल? तेच काका. मी ओळख सांगायच्या आत म्हणाले, "गोधडीवाल्या बाई ना तुमी? अन् हे पोरगी? केवढी झाली बाप्पा!" मला पुढचं काही बोलता आलं नाही. लेकीनं वाकून नमस्कार केला.

काकांच्या टेबलावर पत्र्याचा एक डबा असतो. तो जरूर बघा. त्यात कड्यातून काढलेले जुने बोल्ट ठेवलेत. मी एक तळहातावर घेतला. आठ मिलिमीटरचा, बाहेरून बरा दिसणारा. पण दगडाच्या आत जो भाग असतो, तिथे तो खारकेच्या बीसारखा मधोमध बारीक झाला होता आणि नखानं खरवडला तर तपकिरी पापुद्रे निघत होते. साधं लोखंड आणि स्टेनलेस स्टील एकत्र वापरलं की ओलाव्यात साधं लोखंड आधी सडतं. आमच्या वेळी हाताला लागेल ते वापरलं जायचं, हँगर एका धातूचा, बोल्ट दुसऱ्याचा. असल्या बोल्टवर मी स्वतः पडलेय, माझी माणसं पडलीयत. नवे बोल्ट बारा मिलिमीटरचे आहेत, बोल्ट आणि हँगर दोन्ही स्टेनलेस, आणि हँगरवर २५ केएन कोरलेलं आहे, म्हणजे साधारण अडीच टनांचा भार. प्रत्येक रूटच्या माथ्याला दोन बोल्टचा अँकर आणि त्यात कड्या. दोर कडीतून ओवून उतरायचं. आधी आम्ही एकाच बोल्टला टाकलेल्या टेपच्या, म्हणजे जाड पट्टीच्या, तुकड्यावरून उतरायचो.

दगडाविषयी थोडं सांगते, कारण बोल्ट नेमका कुठे बसवला यावर सगळं अवलंबून असतं. नागपूर म्हणजे दख्खनच्या काळ्या कातळाची पूर्वेकडची कड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर इथे येऊन संपतात, आणि शहराच्या पूर्वेला गेलं की दगड बदलतो. (हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते स्टीफन हिस्लॉप नागपूरच्या याच दगडांचा अभ्यास करायचे. १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना ते नदीत वाहून गेले. त्या रस्त्यानं जाताना मला दर वेळी त्यांची आठवण येते.) आपल्या या कड्यात लाव्हाचे दोन थर एकावर एक आहेत आणि त्यांच्या मधे वीतभर तांबड्या मातीचा पट्टा. खालचा दगड घट्ट, वरचा बारीक छिद्रांचा, काही छिद्रांत पांढरे खडे भरलेले. तांबडा पट्टा मात्र नखानं उकरता येतो. जुन्या रूटमधे दोन बोल्ट या पट्ट्याला अगदी खेटून होते. नवे बोल्ट पट्ट्यापासून हातभर वर किंवा खाली आहेत. गटातल्या मुलीनं मला हातोडी देऊन दाखवलं: घट्ट दगडावर मारली की टणकन वाजते, पोकळ पापुद्र्यावर भद्द वाजते. प्रत्येक बोल्टच्या आधी त्यांनी आजूबाजूचा दगड असा वाजवून पाहिलाय. मला या साइटवर विश्वास बसला तो इथे.

कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळी अकरा-साडेअकरापर्यंत सावली मिळते. साडेसहाला पोचलो तेव्हा दगड इतका गार होता की पहिले दोन रूट बोटं बधिर करून गेले. पाच ए आणि पाच सी (या अवघडपणाच्या श्रेणी, आकडा-अक्षर पुढचं तितकं कठीण) असे दोन चढून गरम झालो आणि मग लेक एका सहा बी रूटकडे वळली. मधे हलका ओव्हरहँग, सात बोल्ट.

पहिल्या बोल्टपर्यंत जाऊन ती थांबली. बराच वेळ. मी खालून काही बोलले नाही. मग ती म्हणाली, "आई, रंगच नाहीये."

भिंतीवर पिवळा रूट म्हणजे पिवळे होल्ड, डोळा आपोआप पुढचा शोधतो. इथे सगळंच काळं, आणि सहा पावसाळ्यांनी हाताला लावायच्या चॉकचे जुने पांढरे डागसुद्धा धुऊन नेलेले. तिला पाय ठेवायला जागा दिसत नव्हती. मी म्हटलं, डोळ्यांनी नको, पायाच्या अंगठ्यानं शोध. तिनं बुटाचं टोक दगडावरून हळूहळू सरकवलं आणि ते एका छिद्रात अडकलं. सुपारी मावेल एवढं छिद्र. त्यावर ती उभी राहिली. मग दुसरं सापडलं. तिसऱ्या बोल्टनंतर तिचा श्वास लागल्याचं मला खाली ऐकू येत होतं. पाचव्याच्या वर हात निसटला आणि ती पडली, तीन-साडेतीन मीटर. दोर ताणला, मी जागेवरून उचलली गेले, बोल्टला दोर जोडणारा क्विकड्रॉ खणकन वाजला, आणि सगळं शांत. बोल्ट जागचा हललासुद्धा नाही. ती लटकत लटकत दगडाकडे बघत होती. रडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "डावा पाय चुकला. टेक करून ठेव, बघते." म्हणजे दोर ताणून धर. त्या दिवशी तिनं तीनदा प्रयत्न केला आणि सहाव्या बोल्टपर्यंत पोचली.

आता उणिवा. पाच सीचा जो रूट चिंचेच्या बरोबर समोर आहे, त्यातला दुसरा बोल्ट फार वर बसवलाय. तो क्लिप करताना हात निसटला तर दोर ताणायच्या आत माणूस जमिनीवर येऊ शकतो. नवशिक्यांनी तो रूट लीड करू नये, म्हणजे दोर स्वतः बोल्टांना अडकवत पहिल्यांदा वर जाऊ नये. आम्ही लांब काठीनं आधीच क्विकड्रॉ अडकवून घेतला. गटातल्या मुलांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि मधे एक बोल्ट वाढवू म्हणाले. वाढवेपर्यंत काठी वापरा. भाड्याचे हेल्मेट एकाच मापाचे आहेत, मुलांच्या डोक्यावर डुगडुगतात. लहान मुलं नेणार असाल तर स्वतःचं न्या. हेल्मेटशिवाय बिले देऊ देत नाहीत, ते योग्यच, कारण तांबड्या पट्ट्यातून बारीक खडे सुटत असतात. बुटांची जोडी भाड्यानं मिळते, पण मापं तुटपुंजी. दोर मात्र उत्तम, तीन आहेत, साठ मीटरचे.

शौचालय नाही, आणि ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटते. काकांच्या घरी जाता येतं, काकू नाही म्हणत नाहीत, पण ते पंधरा मिनिटांवर आहे. बायका-मुलींची संख्या या खेळात वाढायची असेल तर कड्याजवळ एक आडोसा तरी हवा. त्या दिवशीच्या सोळांत आम्ही सात जणी होतो.

माणशी तीनशे रुपये घेतात, त्यातले शंभर ग्रामपंचायतीला जातात आणि तशी वेगळी पावती मिळते. साहित्याचं भाडं निराळं. जेवण काकूंकडे आधी सांगून ठेवायचं: ज्वारीची भाकर, झुणका, ठेचा, कांदा, वर ताक. एकशेवीस रुपयांत पोट भरून उरतं. झुणका जरा तिखट असतो. लेकीनं दोनदा मागून घेतला.

ऊन कड्यावर आलं की उठायचं. उगाच ताणू नका. काळा दगड अर्ध्या तासात तापतो, घामानं बोटं निसटायला लागतात आणि चुका होतात. साइट नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालू ठेवणार आहेत. नागपूरचा उन्हाळा पाहता ते बरोबर आहे.

निघताना मी चुन्याच्या पट्ट्याजवळ थोडा वेळ उभी राहिले. डाव्या ओव्हरहँगखाली तीन पोळी होती, त्यातलं एक परातीएवढं. अधूनमधून त्याच्या अंगावरून एक लाट फिरायची, सगळ्या माश्या एका दमात पोट उचलायच्या आणि परत शांत व्हायच्या. सहा वर्षं ते दृश्य माझ्या स्वप्नात येत होतं, आणि मी लेकीचा हात घट्ट धरून उभी होते. काका मागून येऊन हळूच म्हणाले, "आपण त्यांच्याइकडं जाऊन नाही राह्यलो, तं ते बी येत नाही." मग त्यांनी रजिस्टर पुढे केलं. पुढचे दोन नंबर डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारचे मिळाले. लेकीनं तिथेच बोटाला उरलेल्या चॉकनं माझ्या बॅगेवर लिहिलं: सहावा बोल्ट, डावा पाय.