अँकीवर फ्रेंच कपड्यांचे शब्द : काही महिने वापरल्यानंतर

देल्फ ए-वन या फ्रेंचच्या सुरुवातीच्या पातळीच्या परीक्षेची तयारी सुरू केली तेव्हापासून अँकी हे उजळणीच्या कार्डांचं ॲप वापरतेय. कपड्यांचा धडा सोपा वाटतो, पण मराठी माणसाची खरी पंचाईत इथेच होते. आपला 'तो शर्ट' तिकडे 'ला शमीझ', स्त्रीलिंगी. आपली 'ती पँट' म्हणजे 'ल पाँतालाँ', पुल्लिंगी. मोजा तिकडे स्त्रीलिंगी, टोपी ('शापो') पुल्लिंगी. नुसतं पाठांतर करून हे टिकत नाही.

आधी एक तयार संच उतरवून घेतला होता. त्यात शब्दाआधी लिंग दाखवणारं ल किंवा ला काहीच नव्हतं, म्हणून तो काढून टाकला आणि स्वतःची कार्डं केली. पुढे फक्त कपड्याचं चित्र, मागे नाम आणि रंग एकत्र: 'ला शमीझ ब्लाँश', 'ल पाँतालाँ ब्लाँ'. या एका बदलाने सगळ्यात जास्त फरक पडला. पांढरा शर्ट, पांढरी पँट असं विशेषण बदलायची सवय आपल्याला आहेच, त्यामुळे रंगाबरोबर लिंगही तोंडात बसतं. तपकिरीसाठीचा 'मारों' मात्र कधीच बदलत नाही, अगदी आपल्या 'लाल'सारखा. इंग्रजीतून फ्रेंच शिकवणाऱ्या पुस्तकांत हा धागा सापडणार नाही. मराठीच्या आधाराने शिका, मी तर आग्रहच धरेन.

उच्चार फोर्व्होवरून घेतले, तिथे फ्रेंच माणसांच्याच आवाजात शब्द ऐकायला मिळतात. चित्रं फ्रेंच दुकानांच्या साइटवरून घेतली, त्यामुळे सुती, लोकरी, पट्ट्यापट्ट्यांचं हे शब्दही आपोआप आले. मापाची दोन कार्डं मात्र हवीतच: कपड्यांना 'ताय', बुटांना 'प्वँत्यूर'. ए-वनच्या तोंडी परीक्षेत दुकानातला संवाद येऊ शकतो, खोट्या नोटा-नाणी देऊन खरेदी करायला लावतात. तिथे हे उपयोगी पडतं.

उणिवा आहेत. चार दिवस खंड पडला की उजळणीचा ढीग साचतो. रोज नवी कार्डं पाच-सहाच ठेवा. अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट आहे, आयफोनवर पैसे मोजावे लागतात. आणि अँकी बोलायला शिकवत नाही. 'हे घालून बघू का?' हे वाक्य कार्डावर पाठ असलं तरी क्लासमधल्या मैत्रिणीशी दुकानदार-गिऱ्हाईक खेळल्याशिवाय ते पटकन तोंडातून निघत नाही. आम्ही दर रविवारी फोनवर तेवढंच करतो.