एनडीएचा अर्ज: शंभर रुपयांची परीक्षा आणि तिच्याभोवतीची दुकाने

सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) प्रवेश मिळावा म्हणून माझ्या मुलीने डिसेंबर २०२४ मध्ये पहिल्यांदा आणि जून २०२५ मध्ये दुसऱ्यांदा अर्ज भरला. या काळात आमचा संबंध केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळाशी, गावातल्या ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानाशी, एका निवासी अकॅडमीशी, लेखी परीक्षेनंतर मुलाखत आणि चाचण्या घेणाऱ्या भोपाळच्या निवड मंडळाशी (एसएसबी) आणि नाशिकरोडच्या सरकारी प्रशिक्षण केंद्राशी आला. कुणाकडून काय मिळाले आणि त्यासाठी काय मोजावे लागले, हे मी इथे लिहिते आहे. मी कऱ्हाडजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे; घरात यापूर्वी कुणी अधिकारी झालेले नाही, त्यामुळे विचारायला जवळचे माणूस नव्हते. ज्यांच्या घरी अशीच परिस्थिती असेल, त्यांच्यासाठी हे लिहिणे आहे.

सुरुवात अर्जापासून करते, कारण सगळी प्रक्रिया त्याच्यावर उभी असते. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि तिचे शुल्क १०० रुपये आहे. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना तेही माफ आहे. याचा अर्थ माझ्या मुलीला देशातल्या सर्वात अवघड निवडप्रक्रियांपैकी एका प्रक्रियेत उतरण्यासाठी सरकारला एक रुपयाही द्यावा लागला नाही. तरीही पहिल्या अर्जाचे आम्ही दुकानदाराला ४०० रुपये दिले, आणि तेवढ्यावर भागले असते तर माझी काही तक्रार नव्हती. "ओटीपीत तुमचा घोळ होईल, मॅडम," असे म्हणून त्यांनी नोंदणीत स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि दुकानाचा ईमेल पत्ता टाकला. त्याच संध्याकाळी मी ते बदलून घ्यायला हवे होते, पण मी घेतले नाही. परीक्षेचे प्रवेशपत्र काढायची वेळ आली तेव्हा दुकानाला कुलूप होते आणि मालक लग्नकार्यासाठी परगावी गेले होते. चार दिवस मुलगी रोज शाळेला जावे तशी त्या शटरपाशी जाऊन येत होती. प्रवेशपत्र मिळाले, परंतु परीक्षेच्या तोंडावर अभ्यासाचे ते चार दिवस हातचे गेले.

आपल्या राज्यातल्या मुलांच्या बाबतीत अर्जात आणखी एक अडचण येते. महाराष्ट्राच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग मुलाचे नाव आणि त्यानंतर वडिलांचे नाव असा क्रम असतो, तर आधार कार्डावर बहुधा नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा उलटा क्रम असतो. आयोग जन्मतारखेसाठी आणि नावासाठी दहावीचे प्रमाणपत्र ग्राह्य धरतो. आमच्या मुलीच्या आधारवर वडिलांच्या नावातले एक अक्षरही वेगळे होते. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून, पट्टी लावून एकेक अक्षर तपासले तेव्हाच ते लक्षात आले. आधार दुरुस्त करून घ्यायला काही आठवडे गेले. ज्यांची मुले आज अकरावीत आहेत त्यांनी हे काम या सुट्टीतच उरकावे, कारण अर्जाची मुदत तीन आठवड्यांच्या आसपास असते आणि तेवढ्यात आधार बदलून येईलच असे नाही. परीक्षा केंद्रही जो आधी अर्ज करील त्याला आधी, या तत्त्वावर मिळते. शेवटच्या दिवसावर अर्ज ठेवणाऱ्याला लांबचे गाव पदरी पडू शकते.

दुसऱ्या अर्जाचा अनुभव पूर्ण वेगळा होता. मे २०२५ च्या अखेरीस आयोगाने नवे संकेतस्थळ सुरू केले आणि जुनी नोंदणी असलेल्यांसह सर्वांना नव्याने नोंदणी करायला सांगितले. कित्येकांना तो ताप वाटला असेल. आम्हाला मात्र दुकानदाराच्या मोबाइलमधून सुटका मिळाली. नव्या व्यवस्थेत खाते, सार्वत्रिक नोंदणी, सामाईक अर्ज आणि त्या त्या परीक्षेचा भाग असे चार टप्पे आहेत, आणि पहिले तीन भाग एकदा नीट भरले की पुढच्या परीक्षेला तेच उपयोगी पडतात. मुलीने घरी बसून, स्वतःच्या क्रमांकावर, दोन संध्याकाळी अर्ज पूर्ण केला. नवे संकेतस्थळ सुरू झाले त्याच आठवड्यात, ३० मे रोजी, प्रबोधिनीच्या दीक्षान्त संचलनात पहिल्यांदाच १७ मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये मुलींना या परीक्षेला बसू देण्याचा अंतरिम आदेश दिला तेव्हा माझी मुलगी नववीत होती. दूरचित्रवाणीवर ते संचलन पाहताना ती एक शब्द बोलली नाही. संचलन संपल्यावर उठली आणि अर्जातला सेवांचा पसंतिक्रम पुन्हा एकदा वाचायला बसली.

हा पसंतिक्रम विचार करून भरावा लागतो. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण नौदल, हवाई दल आणि नौदल अकादमीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय लागतात. मुलींच्या जागा अजून फार थोड्या आहेत: अलीकडच्या जाहिरातींत भूदलाच्या २०८ जागांपैकी १० आणि हवाई दलाच्या उड्डाण शाखेच्या ९२ पैकी २ जागा मुलींसाठी होत्या. ही संख्या वाढली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र मुलीला परीक्षेला बसवताना ती आधीच माहीत असावी, म्हणजे निकालाचे ओझे तिच्या एकटीच्या खांद्यावर पडत नाही.

लेखी परीक्षेविषयी थोडक्यात लिहिते. गणित ३०० गुणांचे आणि सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची, प्रत्येकी अडीच तास, आणि चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश गुण वजा. अलीकडच्या काही वर्षांत लेखीची पात्रतारेषा ९०० पैकी साधारण २९० ते ३६० च्या दरम्यान राहिली आहे. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी गणिताची इंग्रजी परिभाषा अकरावीपासूनच सवयीची करून घ्यावी. २०२५ ची पहिली परीक्षा १३ एप्रिलला होती, म्हणजे बारावी बोर्ड आणि जेईई मेन नुकतीच आटोपलेली आणि १९ एप्रिलपासून गणित गटाची सीईटी तोंडावर आलेली. या गर्दीत मुलांना कोणत्या परीक्षेला किती जीव लावायचा हे आधी ठरवू द्यावे, असे मला वाटते.

आता अकॅडमीविषयी. नाव मी देत नाही, कारण अशा अकॅडम्या बऱ्याच आहेत आणि माझा मुद्दा त्या सर्वांकडे पाहण्याचा आहे. बारावीबरोबरच्या निवासी वर्गासाठी आम्ही दोन हप्त्यांत ९२,००० रुपये भरले. गणिताचे शिक्षक उत्तम होते, पहाटेच्या धावण्यात शिस्त होती, आणि लेखी परीक्षा पहिल्याच प्रयत्नात सुटली याचे श्रेय मी त्यांना मनापासून देते. परंतु प्रवेश घेताना त्यांनी दहावीचे मूळ प्रमाणपत्र "फाइलला" म्हणून ठेवून घेतले, आणि दुसरा हप्ता दहा दिवस लांबला तेव्हा ते परत द्यायला नकार दिला. निवड मंडळापुढे मूळ प्रमाणपत्रे न्यावीच लागतात. मी पगाराच्या दिवशी पैसे भरले, पावती दाखवली आणि प्रमाणपत्र हातात घेतले. त्याच्या एका कोपऱ्याला स्टेपलरची चार भोके पडलेली होती. कोणत्याही वर्गाने मुलाचे मूळ कागद मागितले तर त्यांना साक्षांकित प्रत द्यावी आणि मूळ कागद आपल्याजवळ ठेवावा.

त्याहून मोठे नुकसान झाले ते मुलाखतीच्या तयारीत. निवड मंडळात पहिल्याच दिवशी उमेदवाराकडून माहितीचा एक फॉर्म भरून घेतात. त्यात गाव, आईवडिलांचे शिक्षण आणि उत्पन्न, भावंडे, प्रत्येक परीक्षेचे गुण, खेळ, छंद, अंगावर घेतलेल्या जबाबदाऱ्या असे सगळे असते. मुलाखत घेणारे अधिकारी तोच कागद समोर ठेवून बोलतात. अकॅडमीने सगळ्या मुलामुलींना छंदाच्या रकान्यात वाचन आणि गिर्यारोहण लिहायला शिकवले होते, आणि शब्द पाहून वाक्य लिहिण्याच्या चाचणीसाठी तयार वाक्यांची वही पाठ करून घेतली होती. त्या चाचणीत ६० शब्द येतात आणि प्रत्येक शब्दाला १५ सेकंद मिळतात. पाठ केलेले वाक्य आठवण्यातच ते १५ सेकंद जातात. मुलाखतीत तिला विचारले, की शेवटचा किल्ला कोणता चढलात, पाण्याची सोय कुठे होती, सोबत किती जण होते. ती सज्जनगडावर शाळेच्या सहलीतून गेली होती, आणि तेही बसने. घरी मात्र ती तीन वर्षे आमच्या काकांच्या गुऱ्हाळाचा हिशेब सांभाळते, हंगामात मजुरांची रोजची हजेरी आणि उचल लिहिते, आदणाच्या (रस आटवण्याच्या) वेळी रात्री जागते. ते तिने लिहिलेच नव्हते, कारण "असले गावाकडचे लिहू नका" असे तिला सांगण्यात आले होते. या एका सल्ल्याबद्दल मी त्या अकॅडमीला माफ करू शकत नाही.

भोपाळच्या मुक्कामाबद्दल मात्र तिच्या बोलण्यात आदरच होता. आमच्याकडून गोवा एक्स्प्रेस कऱ्हाडहून थेट भोपाळला जाते, ही मोठी सोय आहे. एनडीएसारख्या एखाद्या प्रवेशप्रकारासाठी पहिल्यांदा मुलाखतीला येणाऱ्या उमेदवाराला वातानुकूलित तिसऱ्या श्रेणीचे रेल्वेभाडे मिळते, म्हणून तिकीट जपून ठेवावे. राहणे-जेवणे मंडळाकडे असते. पहिल्या दिवशी बुद्धिमत्ता चाचणी आणि चित्र पाहून गोष्ट लिहून त्यावर गटात चर्चा, आणि त्यातच बहुसंख्य मुले परत जातात; जी राहतात त्यांना छातीवर लावायचा क्रमांक मिळतो आणि पुढचे दिवस त्यांची ओळख तो क्रमांकच असतो. मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकामे, मुलाखत आणि अखेरच्या दिवशीची परिषद, असा पाच दिवसांचा क्रम आहे. माझी मुलगी परिषदेपर्यंत पोहोचली आणि तिची शिफारस झाली नाही. ती रडली, पण घरी आल्यावर म्हणाली, "आई, तिथे मला कुणी तू कुणाची कोण असं विचारलं नाही. मी जे लिहिलं त्यावरच विचारलं." ज्या घराला ओळखीपाळखीचा आधार नाही, त्या घरासाठी या प्रक्रियेची ही फार मोठी गोष्ट आहे.

आयोगाची जाहिरात हे या सगळ्यातले सर्वात मोलाचे आणि फुकट मिळणारे पुस्तक आहे, हे मला उशिरा उमगले. लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर निकालापासून दोन आठवड्यांच्या आत भूदलाच्या भरतीच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते, ही सूचना त्यातच आहे. अकॅडमीने ती सांगितली नव्हती. मुलीने जाहिरातीच्या छापील प्रतीत पेन्सिलने खूण करून ठेवली होती म्हणून ती राहिली नाही. वयाची अट, उंची, डोळ्यांचे निकष, गोंदण चालते की नाही, सगळे तिथे आहे. २०२५ च्या दुसऱ्या परीक्षेला १ जानेवारी २००७ ते १ जानेवारी २०१० दरम्यान जन्मलेले अविवाहित उमेदवार पात्र होते. या दोन तारखा पाहिल्या की आपल्या मुलाला किती संधी उरल्या, याचा हिशेब पालकाला घरीच मांडता येतो.

शेवटी नाशिकरोडचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचा हा उपक्रम आहे आणि लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड मंडळाच्या मुलाखतीला पात्र ठरलेल्या महाराष्ट्रातल्या मुलामुलींना तिथे दहा दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते. शिकवणे, राहणे आणि जेवणे, तिन्ही विनामूल्य. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मुलाखतीला जावे लागते. सप्टेंबरची लेखी परीक्षाही सुटल्यावर मुलगी तिथे जाऊन आली. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिथे तिला तयार उत्तरे दिली नाहीत; बोलताना ती कुठे अडते, गटात इतरांचे ऐकते की नाही, अडथळ्यापुढे आधी काय करते, हे दाखवून दिले. ९२,००० रुपयांत जे मिळाले नाही ते इथे दहा दिवसांत मिळाले, आणि अशी सोय आहे हे आम्हाला वृत्तपत्रातल्या चार ओळींच्या बातमीवरून कळले. दहावीनंतरच ठरवणाऱ्यांसाठी छत्रपती संभाजीनगरची सरकारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे आणि मुलींसाठी अलीकडे नाशिकला तशी संस्था निघाली आहे. आम्हाला ते वेळेत समजले असते तर बहुधा अकॅडमीचा विचारच केला नसता.

तिची दुसरी मुलाखत जानेवारीत आहे. या वेळच्या फॉर्मसाठी तिने वहीत कच्चा मजकूर लिहून ठेवला आहे आणि छंदाच्या आणि जबाबदारीच्या रकान्यात गुऱ्हाळ आले आहे, मजुरांच्या संख्येसकट. गेल्या आठवड्यात शेजारचा मुलगा अर्ज भरायला आमच्याकडे आला होता. तिने आधी त्याचे दहावीचे प्रमाणपत्र आणि आधार टेबलावर शेजारी ठेवले, पट्टी घेतली, आणि विचारले, "यात मोबाइल नंबर कुणाचा टाकणार आहेस?"