वापरलेली इलेक्ट्रिक गाडी: एक उन्हाळा, एक हिवाळा आणि शेजारी दादाची नवी गाडी

नवी घ्यावी की वापरलेली, यावर आमच्या घरात बरेच महिने खल चालला होता. शेवटी आम्ही वापरलेली घेतली आणि साधारण त्याच सुमारास दादाने नवी घेतली. दोन्ही गाड्या मी नेमाने चालवते. लांब जायचं असलं की त्याची गाडी आमच्याकडे येते आणि आमची त्याच्या दारात उभी राहते. कडक ऊन आणि कडक थंडी दोन्ही गाड्यांत काढून झाली, म्हणून आता लिहायला बसले.

माझं मत आधी सांगते. रात्री गाडी जिथे उभी राहते तिथेच चार्जिंगची सोय असेल आणि घेण्याआधी बॅटरीची तब्येत मोजता येत असेल, तर वापरलेली घ्या. यातली एक जरी गोष्ट जमत नसेल तर नवी घ्या किंवा थांबा. मॉडेलचं वर्ष, किलोमीटर, रंग, सनरूफ हे सगळं त्यानंतर.

याचं कारण असं की इलेक्ट्रिक गाडीची किंमत ज्या वेगाने उतरते, त्या वेगाने तिची बॅटरी उतरत नाही. बाजारात दर वर्षी जास्त रेंजची नवी मॉडेलं येतात, नव्या गाड्यांचे भाव खाली येतात, आणि बॅटरी बसली तर काय ही भीती प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मनात असते. या तिन्हींचा भार जुन्या गाडीच्या भावावर पडतो. आम्ही घेतलेली गाडी चार-पाच वर्षं वापरलेली होती. किंमत नव्या किमतीच्या निम्म्याहून खाली आली होती, बॅटरीची क्षमता मात्र नवी असतानाच्या 88 टक्क्यांच्या घरात होती. आमचा फायदा या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे. पण तो दुसरा आकडा कुणी आपणहून सांगत नाही, तो आपणच काढावा लागतो.

गाडी बघायला गेलं की विकणारा हमखास डॅशबोर्डवरची रेंज दाखवतो: पूर्ण चार्जवर इतके किलोमीटर. त्या आकड्यावर जाऊ नका. गाडी अलीकडे कशी चालवली गेली त्यावरून तो काढलेला अंदाज असतो. आठवडाभर हळू, शहरातल्या शहरात फिरवलेली गाडी भरघोस रेंज दाखवते आणि महामार्गावर जोरात दामटलेली तीच गाडी कमी दाखवते. बॅटरी दोन्ही वेळेला तीच असते.

खरा आकडा काढायचे दोन मार्ग आम्ही वापरले. पहिला म्हणजे गाडीच्या ओबीडी पोर्टला (मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो त्या खाचेला) लावायचा छोटा ब्लूटूथ डोंगल आणि त्या मॉडेलसाठी चालणारं मोबाइल अॅप. बऱ्याच मॉडेलमध्ये त्यातून ‘स्टेट ऑफ हेल्थ’, म्हणजे मूळ क्षमतेपैकी किती उरली ते, टक्क्यांत दिसतं, सेलमधल्या व्होल्टेजचा फरकही दिसतो. एखादा सेल-गट इतरांपेक्षा बराच खाली असेल तर एकूण टक्केवारी चांगली असूनही ती गाडी सोडावी, कारण सगळ्यात कमजोर गट जिथे थांबतो तिथे पूर्ण बॅटरीला थांबावं लागतं.

दुसरा मार्ग मला जास्त विश्वासाचा वाटतो, कारण त्यात गाडीच्या आकडेमोडीवर सगळी भिस्त ठेवावी लागत नाही. बॅटरी 10 टक्क्यांपर्यंत उतरवायची, मग भिंतीवरच्या एसी चार्जरने 100 टक्के करायची आणि मीटरवर किती युनिट गेले ते बघायचं. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. 10 ते 100 मध्ये बॅटरीचा 90 टक्के भाग भरतो. भिंतीतून घेतलेल्या विजेतला साधारण दहावा हिस्सा वाटेत उष्णता होऊन जातो. हे दोन दहा टक्के एकमेकांना जवळपास फेडून टाकतात, म्हणून मीटरवरचा आकडा म्हणजेच ढोबळमानाने बॅटरीची आजची वापरता येण्याजोगी क्षमता. आमच्या गाडीची ती क्षमता नवी असताना 40 युनिट होती. मीटरवर 35 गेले. म्हणजे 88 टक्क्यांच्या जवळ, आणि अॅपनेही तेवढंच सांगितलं. हे करताना साध्या घरगुती सॉकेटवर सावकाश चार्ज करू नका. तिथे गळती जास्त होते, मीटरवर जास्त युनिट दिसतात आणि बॅटरी आहे त्यापेक्षा धडधाकट वाटते.

यासाठी विकणाऱ्याकडे गाडी रात्रभर मागावी लागते. एकाने साफ नकार दिला. गाडी दिसायला सुरेख होती, भावही बरा होता, तरी आम्ही तिथून निघालो. ज्यांच्याकडून घेतली त्यांनी स्वतःच्याच चार्जरला लावून दिली आणि सकाळी मीटरचा आकडा आमच्यासमोर वाचला.

किलोमीटरबद्दल मला जे कळलं ते पेट्रोल गाडीच्या हिशेबाला धरून नाही. आम्ही एकाच मॉडेलच्या दोन गाड्या पाहिल्या. एक फारच कमी चाललेली, दुसरी तिच्या दुपटीहून जास्त. जास्त चाललेल्या गाडीची बॅटरी चांगली निघाली. चौकशी केल्यावर उलगडा झाला: कमी चाललेली गाडी बहुतेक दिवस पूर्ण चार्ज करून उन्हात उभी असायची. लिथियम-आयन बॅटरी चालवल्याने झिजते तशी नुसती उभी राहूनही झिजते, आणि भरलेली बॅटरी अधिक उष्णता हे त्या झिजेचं सगळ्यात वाईट जोडपं. इलेक्ट्रोडवर एक पातळ थर साचत जातो आणि तो लिथियम अडकवून ठेवतो. नव्या बॅटरीत हा थर लवकर तयार होतो, नंतर वाढ मंदावते. म्हणून पहिल्या काही काळात क्षमता जरा भराभर उतरल्यासारखी वाटते आणि मग ती बराच काळ जवळपास टिकून राहते. वापरलेली गाडी घेणाऱ्याला हे सोयीचं आहे. सुरुवातीची घसरण आधीच्या मालकाच्या खात्यावर पडलेली असते.

बॅटरी थंड कशी ठेवली जाते हेही बघा. निसान लीफ 2010 च्या अखेरीस आली तेव्हा तिच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती. 2012 मध्ये अमेरिकेतल्या अॅरिझोनाच्या उष्णतेत मालकांच्या गाड्यांचे डॅशबोर्डवरचे क्षमतेचे बार लवकर उतरू लागले, आणि त्यानंतर लवकरच कंपनीने अमेरिकेतल्या गाड्यांना 12 पैकी 9 बारांची हमी दिली. तुमच्याकडे उन्हाळा कडक असेल तर द्रवाने थंड होणारी बॅटरीच घ्या, भले गाडी एखादं वर्ष जास्त जुनी असो. आमची तशी आहे आणि आतापर्यंतच्या वापरात अॅपवरचा आकडा जेमतेम एक टक्का हलला.

रसायनाचाही फरक पडतो. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, पूर्ण चार्ज आणि जास्त चार्जिंग-फेऱ्या जास्त चांगल्या सोसते, पण थंडीत जरा मंदावते. एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी, तेवढ्याच वजनात जास्त रेंज देते, मात्र तिला रोज 80 टक्क्यांवर थांबवणं चांगलं. वापरलेली एलएफपी गाडी बघताना एक खबरदारी घ्या. या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे बरेच दिवस पूर्ण चार्ज न झालेल्या गाडीला स्वतःची टक्केवारी नीट कळत नाही. आधी एकदा 100 टक्के करायला लावा आणि मगच मोजा.

वॉरंटीचे कागद मी ओळ न् ओळ वाचले, आणि तुम्हीही वाचावेत असं मनापासून वाटतं. बॅटरीला साधारण 8 वर्षं किंवा 1,60,000 किमी, यातलं जे आधी होईल ते, आणि 70 टक्के क्षमतेची हमी, हे बऱ्याच कंपन्यांचं माप आहे. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत 2022 मध्ये बॅटरीच्या टिकाऊपणाचा जो जागतिक तांत्रिक नियम मंजूर झाला, त्यातही 5 वर्षं किंवा 1,00,000 किमीला 80 टक्के आणि 8 वर्षं किंवा 1,60,000 किमीला 70 टक्के अशी किमान पातळी धरली आहे. तुमच्या हातात येणाऱ्या गाडीची किती वर्षं उरली आहेत आणि मालक बदलल्यावर हमी तशीच चालू राहते का, हे लेखी घ्या. काही वेळा वाढीव वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते. आमच्या गाडीची तीन वर्षं उरली होती आणि सौदा पक्का होण्यात त्याचा मोठा वाटा होता.

रिकॉलचा इतिहास चासी नंबरवरून तपासा. यात कधी कधी फायदाही दडलेला असतो. शेवरले बोल्टच्या बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे 2021 मध्ये 2017 ते 2022 या सगळ्या मॉडेल-वर्षांच्या गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि त्यातल्या अनेकांत नवी मॉड्यूल बसली. अशी जुनी गाडी मिळाली तर तिची बॅटरी गाडीपेक्षा तरुण असते. याच्या उलट, युरोपात रेनो झोई बरीच वर्षं बॅटरी भाड्याने देऊन विकली जात होती. तशी गाडी स्वस्त दिसली तरी दरमहाचं भाडं नव्या मालकाच्या मागे लागू शकतं.

आता नवी गाडी जिथे उजवी आहे तिथे ती निर्विवाद उजवी आहे. लांबच्या प्रवासात आमच्या गाडीचा फास्ट चार्जिंगचा वेग फार तर 50 किलोवॅट, दादाच्या गाडीचा त्याच्या तिपटीच्या आसपास. जिथे दादाच्या गाडीत चहा होईपर्यंत पुरेसं चार्ज होतं, तिथे आम्ही जेवण उरकून, पाय मोकळे करून पुन्हा गाडीत येऊन बसतो. त्याची गाडी चार्जरकडे निघाली की वाटेतच बॅटरी योग्य तापमानाला आणते, आमचीत ते नाही. थंडीतही तेच. आमच्यात साधा विद्युत हीटर आहे, त्याच्यात कमी विजेत तेवढीच ऊब देणारा हीट पंप. उबदार दिवसात आमची गाडी 220 किमीच्या आसपास जाते, कडाक्याच्या थंडीत महामार्गावर 160 गाठताना सांभाळून चालवावं लागतं. दादाच्या गाडीची रेंजही उतरते, पण धाकधूक होईल इतकी नाही. वर्षातून अनेकदा लांब जाणाऱ्यांनी, आणि घरी चार्जिंग नसल्याने कायम सार्वजनिक चार्जरवर अवलंबून राहणाऱ्यांनी, नवीसाठी जास्त पैसे मोजावेत. ते वाया जाणार नाहीत.

कनेक्टरचा प्रश्नही जुन्या गाडीत येतो. चाडेमो, सीसीएस आणि एनएसीएस ही फास्ट चार्जिंगच्या प्लगची तीन वेगळी मापं. चाडेमो पोर्टच्या गाड्या स्वस्त मिळतात, पण अनेक देशांत नवे चार्जर सीसीएसचे बसतात आणि उत्तर अमेरिका एनएसीएसकडे वळली आहे. रोजच्या वापराला चाडेमोने काही अडत नाही, लांब जायचं असेल तर मात्र तुमच्या मार्गावरचे चार्जर नकाशावर बघूनच ठरवा.

देखभालीचं फार सांगण्यासारखं नाही. केबिन फिल्टर, ब्रेक फ्लुइड, कूलंटची पातळी, वायपर. रीजनमुळे, म्हणजे वेग कमी होताना मोटरच गाडी रोखून बॅटरी भरते त्यामुळे, ब्रेक पॅड फार झिजत नाहीत, उलट कमी वापरामुळे डिस्कला गंज धरतो, म्हणून मी अधूनमधून रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम जोरात ब्रेक दाबते. टायर लवकर जातात, कारण गाडी जड आणि सुरुवातीचा टॉर्क जबरदस्त. थंडीत एका सकाळी गाडी उघडेचना, तेव्हा आधी पोटात गोळा आला. निघाली ती 12 व्होल्टची छोटी बॅटरी, जी याही गाडीत असते आणि तिच्याशिवाय मोठी बॅटरी जोडलीच जात नाही. बदलली, गाडी सुरू. वापरलेली गाडी घेतली की ही छोटी बॅटरी लगेच बदलून टाका, खर्च किरकोळ आहे.

मनस्ताप झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. गाडीचं अॅप खातं आधीच्या मालकाच्या नावावरून आमच्या नावावर व्हायला कित्येक आठवडे लागले. तोपर्यंत गाडी कुठे आहे ते त्यांना दिसत होतं आणि दरवाजेही तिकडून उघडता आले असते. ते सज्जन होते म्हणून निभावलं. कस्टमर केअरने मात्र दर वेळी नवी कागदपत्रं मागितली.

म्हणून पैसे देण्याच्या दिवशी विकणाऱ्यासमोर बसून, त्यांच्याच मोबाइलवरून गाडी त्यांच्या खात्यातून काढून टाका आणि तुमच्या खात्यात जोडली गेल्याचं बघा. दोन्ही चाव्या आणि चार्जिंग केबल त्याच वेळी मोजून घ्या, सुटी केबल महाग पडते. गाडी लिफ्टवर चढवून बॅटरीच्या तळाचे फोटो काढा. पत्रा चेपलेला किंवा खरवडलेला दिसला तर सौदा तिथेच थांबवा. आणि एकदा फास्ट चार्जरला लावून बघा. घरचं एसी चार्जिंग चालतं म्हणून फास्ट चार्जरचं डीसी चालेलच असं नाही, दोन्हींची यंत्रणा वेगळी असते आणि ही तपासणी पंधरा-वीस मिनिटांत होते.